नऊ हजार नऊशे किलोमीटरचा दिवस

१

मंगळवारी संध्याकाळी साडेपाच वाजता मालकीणबाईंनी आतल्या खोलीतल्या काचेच्या कपाटातून निळा फोल्डर काढला, उघडला आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. फोल्डर होता, त्याची नाडी होती, नाडीची गाठसुद्धा होती. आतलं पत्र तेवढं नव्हतं.

पत्र साधंसुधं नव्हतं. पृथ्वीच्या पार पलीकडे, घड्याळात आपल्यापेक्षा आठ तास मागे असलेल्या एका शहरातल्या वाद्यवृंदाचं ते संमतीपत्र होतं. चौऱ्याऐंशी वादक, त्यांची वाद्यं आणि सहा आठवड्यांचा दौरा. त्या लोकांची रीत अशी, की सहीचं मूळ पत्र जी प्रवासकंपनी महिनाअखेरीच्या आत त्यांच्या कार्यालयात हजर करील, तिला काम मिळणार. नक्कल चालत नाही, ईमेल चालत नाही. मालकीणबाईंच्या चार माणसांच्या कंपनीला असं काम बारा वर्षांत मिळालं नव्हतं.

दुपारी तीन वाजता त्यांनी स्वतःच्या हाताने ते पत्र एका पाहुण्याला दाखवलं होतं, परत ठेवलं होतं आणि त्या व्हिसाच्या कामाला वकिलातीत गेल्या होत्या. म्हणजे चोरी तीन ते साडेपाचच्या मधली. कपाटाच्या किल्ल्या ऑफिसात दोन. एक मालकीणबाईंच्या पर्समध्ये, दुसरी काउंटरवर बसणाऱ्या मुलीच्या खणात. ती मुलगी तीनपासून साडेपाचपर्यंत एकटीच ऑफिसात होती.

झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला वेळ कितीसा लागतो? शनिवारी सहाच्या आत पत्र जागेवर आलं तर ठीक, नाहीतर नोकरीवरून काढून टाकीन, असं मालकीणबाईंनी तिला सुनावलं. आणि तेवढ्यावर न थांबता दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळखीच्या तीन कंपन्यांना फोनही करून टाकले: ही मुलगी नोकरी मागायला आली तर जरा जपून.

२

मुलीला आई नव्हती. मावशी होती, आणि मावशी एकटी चौघींना पुरून उरेल अशी होती. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून ती निवृत्त झाली होती. मुलं तिला पाठीमागे पृथ्वीबाई म्हणत, विषयामुळे आणि, खरं सांगायचं तर, आकारामुळेही. तिला ते ठाऊक होतं. "पृथ्वीसुद्धा मधे जरा फुगीरच आहे," असं ती स्वतःच वर्गात सांगून टाकायची, म्हणजे हसणाऱ्यांची हसायची सोयच उरत नसे.

गुरुवारी भाची तिच्याकडे आली, जेवणाच्या टेबलावर डोकं ठेवून मनसोक्त रडली आणि मग सगळं सांगितलं.

"नोकरी गेली तर गेली गं, मावशी. पण या धंद्यात लोक आपल्या हातात पासपोर्ट देतात. ज्या हातावर संशय, त्या हातात कोण काय देणार? मी दुसरं काही शिकलेच नाहीये."

"पोलिसांत का नाही गेल्या तुझ्या मॅडम?"

"कंपनीचं नाव खराब होईल म्हणे."

"आणि तुझं झालं तर चालतं वाटतं!" पृथ्वीबाईंचा आवाज चढला. "रडून झालं?"

"झालं."

"मग तोंड धू. उद्या दहाला मी तुझ्या ऑफिसात येते. कोण अडवतं बघू."

कोणी अडवलं नाही. अडवणार कोण? मालकीणबाई स्वतः सातवी ब मध्ये, तिसऱ्या बाकावर, पृथ्वीबाईंच्या हाताखालून गेलेल्या होत्या. दारात बाईंना बघताच त्या उठून उभ्या राहिल्या. पन्नाशीची बाई, पण उभं राहणं अगदी सातवीतलं.

"बाई, तुमची भाची आहे हे मला माहीत असतं तर..."

"तर काय? चोर दुसऱ्या कुणाला ठरवलं असतंस?" पृथ्वीबाई खुर्ची ओढून बसल्या. "कपाट नवीन घेतलं तेव्हा किल्ल्या किती मिळाल्या?"

"तीन. तिसरी घरी असते, माझ्या टेबलाच्या खणात."

"घरी कोण कोण?"

"मी आणि भाऊ. पण बाई, भाऊचा विचारच करू नका. मंगळवारी सकाळी दहा वीसच्या विमानाने तो गेला. तीन वाजता तो आकाशात होता, कुठल्या तरी बर्फावरून चालला असेल."

"कुठे गेला?"

"तिकडेच. वाद्यवृंदाच्या शहरात. हॉटेलांची बोलणी करायला मीच पाठवलं होतं. पत्र महिनाअखेरीला मी स्वतः घेऊन जाणार होते." त्यांनी कपाळ चोळलं. "बुधवारी सकाळी साडेआठला त्याचा फोन आला, पोचलो म्हणून. तो पोचला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेलेले, म्हणून उठवलं नाही म्हणाला. आणि मग मी इकडे पत्राच्या काळजीत, तर हा पठ्ठ्या मला विमानातून दिसलेल्या हिरव्या उजेडाचं वर्णन करून सांगतोय! तसाच आहे तो, लहानपणापासून."

"आतल्या खोलीला मागून जिना आहे ना? त्याच्या दाराची किल्ली?"

"घरच्यांकडेच. म्हणजे मी आणि भाऊ."

पृथ्वीबाईंनी आतली खोली नीट पाहून घेतली. कपाटापासून मागचा जिना चार पावलांवर. मधे भिंत असल्यामुळे काउंटरवरून यातलं काहीच दिसत नव्हतं. ज्याच्याकडे दोन्ही किल्ल्या होत्या, तो माणूस बर्फावरून चालला होता. आणि जो बर्फावरून चालला नव्हता, असा ऑफिसात आणखी एकच माणूस होता.

३

त्या माणसाला सगळे शिक्केकाका म्हणत. हेडक्लार्क, वय एकसष्ट. कंपनीच्या प्रत्येक कागदावर शिक्का मारण्याचं काम त्यांनी कधी कुणाला करू दिलं नव्हतं.

"मंगळवारी दुपारी तुम्ही कुठे होता?"

"कुरिअरला. तीनला निघालो, साडेपाचला आलो."

"कुरिअरचं ऑफिस समोरच्या फुटपाथवर आहे, काका. अडीच तास तुम्ही रस्ता ओलांडत होता का?"

बाईंनी आपलं नाव-पत्ता लिहिलेला भेटीचा कागद शिक्क्यासाठी त्यांच्यापुढे सरकवला. काकांनी तो उचलून आधी लांब धरला, मग नाकाशी आणला आणि शेवटी शिक्का मारला तो उलटा. पृथ्वीबाईंनी चौतीस वर्षं मागच्या बाकावरच्या मुलांना फळ्याकडे डोळे बारीक करून बघताना पाहिलं होतं. त्यांनी आवाज खाली आणला.

"मोतीबिंदू?"

काकांच्या हातातला शिक्का तसाच राहिला. "डावा तर गेलाच. उजव्यात औषध घालून तपासणी होती. पाचपर्यंत डॉक्टरकडे बाकावर बसून होतो, समोरचं माणूससुद्धा दिसत नव्हतं. बाई, पासपोर्टचा नंबर वाचता येत नाही असं मॅडमना कळलं, तर मला उद्याच घरी बसवतील. घरात मी आणि अंथरुणाला खिळलेली बायको. कुणाला बोलू नका."

"डॉक्टरची चिठ्ठी आहे?"

आहे म्हणत त्यांनी ती आतल्या खिशातून काढली. तारीख, वेळ, सगळं जागच्या जागी होतं. पृथ्वीबाईंनी चिठ्ठी घडी करून परत दिली.

"मी बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "पण ऑपरेशन करून घ्या. उलट्या शिक्क्यांवर कंपनी किती दिवस चालेल?"

हा दरवाजाही बंद झाला. म्हणजे आता संशय घ्यायला भाचीशिवाय दुसरं कोण होतं? कुणीच नाही. तीच एकटी उरली होती, आणि हातात दीड दिवस होता.

४

भाऊसाहेब शुक्रवारी दुपारी ऑफिसात आले. सकाळीच परत उतरले होते. चाळिशीचा उमदा गडी, इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. प्रत्येकाच्या टेबलावर चॉकलेटचा डबा ठेवत आले आणि भाचीच्या टेबलावरही ठेवला. वर तिच्या डोळ्यांत न बघता, खांद्याकडे बघून हळहळले, "वाईट झालं गं. ताईला मी समजावतो."

"मला तेवढं तुमच्या प्रवासाचं सांगा," पृथ्वीबाई म्हणाल्या. "मी आयुष्यभर मुलांना जग शिकवलं, पण विमानात काही बसले नाही. तिकडे जायला वेळ किती लागतो हो?"

माणसाला आपल्या प्रवासाचं कुणी विचारलं की तो किती सुखावतो! भाऊसाहेब टेबलाच्या कडेवर बसले.

"अकरा तास पंचेचाळीस मिनिटं, बाई. नऊ हजार नऊशे किलोमीटर. रोज दोन विमानं असतात, एक सकाळी दहा वीसचं, एक संध्याकाळी सात दहाचं. मी सकाळचं घेतलं. हे तिकीट. हा पासपोर्ट, हा तिकडचा शिक्का, मंगळवारचीच तारीख. विमानात चढतानाची चिठ्ठी तेवढी फेकून दिली. कोण सांभाळतं?"

"आणि ताई म्हणत होती, काही हिरवा उजेड?"

"अहो, काय सांगू! निघून सात-आठ तास झाले असतील. जेवून माझा डोळा लागला होता. जाग आली, खिडकीची झडप वर केली, तर बाहेर मिट्ट काळोख आणि त्यात हिरवा पडदा वाऱ्यावर हलावा तसा उजेड! शेजारी एक आजी होत्या, त्या घाबरून देवाचं नाव घ्यायला लागल्या. मी म्हटलं, आजी, ध्रुवाकडचा प्रकाश आहे हा, नशीबवान आहात."

त्यांनी हे इतक्या रंगून सांगितलं, की क्षणभर पृथ्वीबाईंनाही तो पडदा दिसला. हे पाठ केलेलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलेलं होतं. खोटं बोलणाऱ्या हजार मुलांसमोर त्या उभ्या राहिल्या होत्या, एवढं त्यांना कळत होतं.

भाऊसाहेब गेल्यावर शिक्केकाका भिंतीवरच्या नकाशापाशी आले आणि नाक नकाशाला लावून पुटपुटले, "बाई, हा माणूस थापा मारतोय. हे आपलं शहर. ते तिकडचं. मधली रेघ बघा, सरळ पश्चिमेला, वाळवंटावरून आणि समुद्रावरून. उत्तर ध्रुव कुठे, ही वाट कुठे? हिरवा उजेड दिसेल कसा?"

पृथ्वीबाईंनी टाकोटाक घर गाठलं.

५

घरी कपाटावर त्यांचा जुना पृथ्वीगोल होता, शाळेने निवृत्तीच्या दिवशी दिलेला. बरोबर एक मीटर घेराचा. चाळीस हजार किलोमीटरची पृथ्वी शंभर सेंटिमीटरमध्ये, म्हणजे एका सेंटिमीटरला चारशे किलोमीटर. भाचीने गोल धरला, पृथ्वीबाईंनी शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टोक आपल्या शहरावर दाबलं, दुसरं त्या शहरावर, आणि दोरा ताणला.

सैल होता तोवर दोरा सरळ पश्चिमेला पडला होता. ताणला तसा तो घसरला, वर सरकला आणि पार उत्तरेच्या बर्फावरून जाऊन बसला.

"अगं बाई!" भाची म्हणाली.

"गोल वस्तूवर जवळची वाट वाकडीच असते," बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज पडला होता. "सपाट नकाशा लबाड असतो हे मीच शिकवलं, आणि मीच आज त्याच्या नादाला लागले."

दोरा मोजला. पावणेपंचवीस सेंटिमीटर. गुणिले चारशे. नऊ हजार नऊशे किलोमीटर, भाऊसाहेबांनी सांगितले तितकेच. तास, अंतर, वाट, हिरवा उजेड, सगळं खरं निघालं. ज्याच्यावर संशय घ्यायचा, त्याचीच बाजू त्यांनी स्वतःच्या दोऱ्याने भक्कम करून दिली होती. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"सोड गं मावशी," भाची दोरा गुंडाळत म्हणाली. "मी उद्या सही करून देते, की स्वतःहून नोकरी सोडतेय. निदान काढून टाकल्याचा डाग तरी नको."

"खबरदार!" पृथ्वीबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. "जे केलं नाहीस त्याच्यावर सही करायची नाही. आजवर मी एकही गणित अर्धवट पुसलेलं नाही. हेही पुसणार नाही."

पण गणित सुटलेलंही नव्हतं.

६

शनिवारी सकाळी पृथ्वीबाई गच्चीत वेताच्या खुर्चीवर बसल्या होत्या. न्हालेल्या केसांना ऊन दाखवायचा त्यांचा शनिवारचा क्रम. शेजारच्या इमारतीची सावली गच्चीवर सरकत येई आणि त्या खुर्ची थोडी उन्हाकडे ओढत. दहा मिनिटांनी सावली परत पायाशी, परत खुर्ची थोडी उन्हाकडे. असं चारदा झालं.

पाचव्या वेळी खुर्चीचा दांडा हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.

खुर्ची सरकत होती म्हणून ऊन सुटत नव्हतं. घड्याळ तासभर पुढे गेलं होतं, आणि त्या अजून आपल्या उन्हातच होत्या.

"आण!" त्या जिन्यातूनच ओरडल्या. "कागद आण, पेन्सिल आण. दहा वीसला निघालं, अकरा पंचेचाळीस वाटेत, तिकडचं घड्याळ आठ तास मागे. म्हणजे सकाळचं विमान तिकडे किती वाजता उतरतं?"

रोज दहा गिऱ्हाइकांना हेच सांगणाऱ्या भाचीला कागदाची गरज नव्हती. "दुपारी दोन पाच, तिकडची वेळ. त्याच दिवशी."

"आणि संध्याकाळचं?"

"सात दहाचं? रात्री दहा पंचावन्न. तेही त्याच दिवशी."

"त्याच दिवशी," पृथ्वीबाई म्हणाल्या. ओल्या केसांचा त्यांनी घट्ट अंबाडा घातला. "शिक्क्यावर तारीख असते गं, वेळ नसते. चल, गोल उचल. आणि माझा टेबललॅम्प."

७

दुपारी चार वाजता आतल्या खोलीचे पडदे ओढलेले होते. टेबलावर पृथ्वीगोल, समोर पेटलेला लॅम्प. मालकीणबाई, भाऊसाहेब, शिक्केकाका आणि भाची असे चौघे भोवती बसले होते. वर्ग लहान होता, पण पृथ्वीबाईंनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि बसलेले सगळे नकळत ताठ झाले.

"हा लॅम्प म्हणजे सूर्य," त्या म्हणाल्या. "सध्या दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे आहेत, त्यामुळे अर्धी पृथ्वी उजेडात, अर्धी अंधारात. हे लाल बटण म्हणजे विमान. सकाळी दहा वीस. आपलं शहर उन्हात. निघालं."

डाव्या हाताने त्या गोल सावकाश पूर्वेकडे फिरवू लागल्या आणि उजव्या हाताने बटण दोऱ्याच्या वाटेने पश्चिमेकडे सरकवू लागल्या. आपलं शहर हळूहळू अंधारात गेलं. बटण मात्र उजेडातच राहिलं. बर्फावरून गेलं तेव्हा ऊन तिरपं झालं, पण सुटलं नाही. दुसऱ्या शहरावर बटण टेकलं तेव्हाही त्याच्यावर लॅम्पचा लख्ख प्रकाश होता.

"पश्चिमेला जाणारं विमान सूर्याच्या मागे धावत असतं. प्रवास पावणेबारा तासांचा, पण दिवस पुढे सरकतो फक्त पावणेचार तास. निघाले सकाळी दहा वीसला, उतरले दुपारी दोन पाचला. आता मला सांगा, भाऊसाहेब, दहा वीस आणि दोन पाच यांच्या मधे तुमची रात्र कुठे बसते?"

भाऊसाहेब हसले. "बाई, झडपा खाली होत्या. अंधार होता."

"विमानात होता. बाहेर नव्हता. झडप तुम्ही वर केलीत, बाहेर मिट्ट काळोख होता आणि हिरवा पडदा हलत होता, असं तुम्ही मला सांगितलंत. तो उजेड खराच तुम्ही पाहिलात. त्या वाटेवर तो दिसतो, मी दोऱ्याने ताडून पाहिलंय. पण तो दिसायला रात्र लागते, आणि ती रात्र सात दहाच्या विमानाला मिळते." त्यांनी बटण परत आपल्या शहरावर ठेवलं, गोल संध्याकाळवर आणला आणि पुन्हा प्रवास सुरू केला. यावेळी बटण अंधारात निघालं आणि अंधारातच उतरलं. "दहा वीसचं तिकीट काढलंत, ऐनवेळी ते बदलून घेतलंत आणि सात दहाच्या विमानाने गेलात. तारीख बदलत नाही, म्हणून शिक्का बिनघोर दाखवलात."

"मग परत येतानाचा उजेड असेल," भाऊसाहेब चटकन म्हणाले. "प्रवास दोन केले, माणूस घोटाळा करतो. आणि मला विचारताय, तर मंगळवारी दुपारी हे काका कुठे होते ते विचारा ना! अडीच तास बेपत्ता! ते बरं कुणी विचारत नाही."

सगळ्यांच्या माना शिक्केकाकांकडे वळल्या. पृथ्वीबाई गप्प राहिल्या, कारण शब्द दिला होता. काका उठून उभे राहिले.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे होतो, मॅडम. मला नीट दिसत नाही. वर्ष झालं. तुमच्यापासून लपवलं." त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. "काढायचं असेल तर काढा. पण या पोरीवर आळ घेऊ नका."

मालकीणबाईंनी चिठ्ठी उचललीच नाही. त्यांची नजर भावावर खिळली होती.

"परत येतानाचा नव्हे," त्या हळूहळू म्हणाल्या. "तू परत आलास काल. मला हिरव्या उजेडाचं तू बुधवारी सकाळी साडेआठला सांगितलंस. फोनवर. त्या आजींचंसुद्धा."

ज्या माणसाला कुठलीही गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नव्हतं, त्याला पहिल्यांदाच सांगण्यासारखं काही सुचेना.

"एवढं कसं रे लक्षात आलं नाही तुझ्या?" मालकीणबाईंनी विचारलं. हा प्रश्न चोरीचा नव्हता, भावाचा होता.

"लक्षात कसं येणार?" पृथ्वीबाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे रोज तास विकता. सकाळी दहाला निघालं, बारा तास लागले, म्हणजे रात्रीचे दहा, म्हणजे वाटेत कुठेतरी अंधार पडणारच, असं बोटं मोजून वाटतंच. बोटं घरच्या घड्याळावर मोजलेली. या ऑफिसात तिघांनी तो किस्सा ऐकला, मीही ऐकला. त्यातली रात्र एकालाही खटकली नाही. मलासुद्धा खुर्ची ओढावी लागली."

भाऊसाहेबांनी मान खाली घातली. "तिकडची एक प्रवासकंपनी मला भागीदारी देत होती, ताई. पत्र घेऊन ये म्हणाले. इथे बारा वर्षं तू सांगशील तिथे जायचं, तू सांगशील ते बोलायचं. मी कोण होतो इथे?"

"पत्र कुठे आहे?"

"तिकडे. दिलं त्यांना."

"निघ," मालकीणबाई म्हणाल्या. एवढंच. भाऊसाहेब मागच्या जिन्याने गेले. पावलं खालच्या वळणापर्यंत ऐकू आली, मग थांबली.

मालकीणबाईंनी चिठ्ठी उचलून शिक्केकाकांच्या हातात दिली. "ऑपरेशनची तारीख घ्या. रजा देते." मग त्या भाचीकडे वळल्या. डोळे भरले होते. "वादकांचं काम तर गेलं. पण तू राहा. सोमवारपासून पूर्वीसारखी ये. झालं गेलं विसरू या."

पृथ्वीबाई भाचीसाठी बोलणार होत्या. इतकी वर्षं त्या सगळ्यांसाठी बोलत आल्या होत्या. पण मुलगी आधीच खुर्ची ओढून मालकीणबाईंसमोर बसली होती, आणि तिचा आवाज रडण्याचा नव्हता.

"मॅडम, तुम्ही बुधवारी तीन फोन केले होते. ते तिन्ही आत्ता करा. माझ्यासमोर."

मालकीणबाईंनी फोन हातात घेतला. पहिला नंबर लावला. पलीकडून आवाज आल्यावर त्या नेहमीच्या गोड सुरात म्हणाल्या, "हं, ते परवाचं आमच्या काउंटरवरच्या मुलीचं. जरासा गैरसमज झाला होता बरं का, आता..."

भाचीने हात पुढे करून फोनवर ठेवला. "गैरसमज नाही म्हणायचं."

"अगं, पण मग मी काय सांगू? माझा सख्खा भाऊ आहे तो. गावभर होईल."

"माझं झालंच आहे गावभर."

मालकीणबाईंनी पृथ्वीबाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली नाही, नजरही काढली नाही. लॅम्प अजून पेटलेला होता, त्याच्या उजेडात मालकीणबाईंचा चेहरा एकाएकी फार थकलेला दिसला. त्यांनी भाचीचा हात बाजूला केला, फोन पुन्हा कानाला लावला आणि एक मोठा श्वास घेतला.

"ऐका. त्या मुलीने काही घेतलं नव्हतं. मी तिच्यावर खोटा आळ घेतला. पत्र माझ्या भावाने चोरलं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो. सख्ख्या. नीट ऐकलंत तुम्ही."

त्यांनी फोन ठेवला आणि हाताच्या पाठीने डोळे पुसले. भाचीने पुढचा नंबर वाचून दाखवला.